कुत्र्याची अ‍ॅलर्जी: घाईघाईत कुत्रं घालवू नका, आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की साताऱ्यात ओळखीतल्या दोन-तीन घरांतून तरी फोन येतोच, पोराच्या शिंका थांबत नाहीत, कुत्रं द्यायचंय, बघ कोण घेतंय का. मी विचारते टेस्ट केली का? तर म्हणतात त्यात काय टेस्ट करायची, कुत्रं जवळ आलं की शिंकतोय की.

हीच सगळ्यात वाईट चूक, आणि ती मी स्वतः केलीय. माझा मुलगा सात वर्षांचा होता, जूनपासून नाक वाहायचं, डोळे लाल, रात्री खोकला. आमचा मोत्या त्याच्याजवळ आला की जास्तच. सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच, कुत्र्याचे केस पोटात जातायत. शेवटी मोत्याला कोरेगाव तालुक्यात माझ्या भावाच्या शेतावर सोडलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही. आणि शिंका? दिवाळी झाली तरी होत्या तशाच.

मग अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडं गेलो. पहिली फेरी फुकट गेली कारण आदल्या रात्रीच मी त्याला सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी दिलेली, आणि ती गोळी अंगात असली की टेस्ट खरी येत नाही, साधारण आठवडाभर आधी बंद लागते (डॉक्टरांना विचारूनच, आणि दम्याचा पंप आपल्या मनानं कधीच बंद करायचा नाही). दुसऱ्यांदा प्रिक टेस्ट झाली, हातावर थेंब टाकून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघतात. धुळीतल्या माइट्सला (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) आणि बुरशीला टपोऱ्या गांधी उठल्या, कुत्र्याच्या जागेवर काहीच नाही. त्याच्या खोलीची भिंत ओलीनं काळी पडलेली आणि कापसाची गादी दोन वर्षं उन्हात टाकलेली नव्हती. मोत्या दिवसभर मागच्या प्लॉटमधल्या गाजरगवतात लोळायचा आणि तिथली सगळी धूळ, बुरशी अंगावर घेऊन पोराच्या कुशीत यायचा, म्हणून तो जवळ आला की शिंका. तोवर भावाची पोरं मोत्याला सोडायला तयार नव्हती. ते अजून मनाला लागतं, म्हणून एवढं लिहितेय.

याच्या उलट एक सांगते, टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे त्रास कुत्र्यामुळंच असंही नाही. घरी प्रत्यक्ष काय होतं ते आणि टेस्ट, दोन्ही जुळवून डॉक्टर ठरवतात. नुसता रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून ठरवू नका.

दुसरी चूक, "केस न गळणारी जात आणली की झालं." सांगलीतल्या माझ्या मैत्रिणीला विकणाऱ्यानं पूडल याच नावावर भरपूर पैसे घेऊन दिलं, आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या मुलीला घरघर सुरू. मुळात त्रास केसांचा नसतोच, कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रोटीनचा असतो, केस फक्त ते वाहून नेतात. 2012 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल अशा जाती तपासल्या तर त्यांच्या केसांत ते मुख्य प्रोटीन कमी नाही, उलट जास्तच सापडलं. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांतही फरक असतो, म्हणून विकत घेण्याआधी त्याच कुत्र्याजवळ चार-पाच वेळा तास-दोन तास बसून बघा. एवढी सवड नसेल तर कुत्रं घेऊच नका.

कुत्रं घालवलं आणि आठवड्यात फरक नाही म्हणून निराश होऊ नका, ते प्रोटीन गादी, सोफा, पडद्यांत कित्येक महिने राहतं.

कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ घालून उपयोग नाही, तीन-चार दिवसांत ते प्रोटीन परत तेवढंच होतं. आठवड्यातून दोनदा घालायची तर कातडी कोरडी पडून कोंडा वाढू नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडून शाम्पू विचारून घ्या.

झोपायच्या खोलीत कुत्रं नको. नाही म्हणजे नाही, थंडीतसुद्धा. आमच्याकडं आता चादरी-उशा दर रविवारी कडकडीत गरम पाण्यात निघतात, गाद्या उन्हात जातात, आणि फरशी मी झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसते, कारण झाडलं की सगळं हवेत उडतं.

नाकाचा स्प्रे दोन दिवस मारून "काही होत नाही" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. स्टेरॉइडचा स्प्रे रोज मारला तर हळूहळू लागू पडतो, पूर्ण फरक दिसायला एक-दोन आठवडे जातात. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं धरायची. इंजेक्शनची इम्युनोथेरपी (ज्याची अ‍ॅलर्जी त्याचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावायची) तर तीन ते पाच वर्षांची असते, सहा महिन्यांत सोडायची असेल तर सुरूच करू नका.

आणि पोराची छाती वाजायला लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, धड बोलता येत नाहीये असं दिसलं तर वाफ, काढा, छातीला बाम यात वेळ घालवू नका. डॉक्टरांनी पंप दिलेला असेल तर तो द्या आणि रात्रीचे कितीही वाजले असोत, लगेच दवाखान्यात न्या.