लोहगाव विमानतळाशेजारी रखडलेल्या गृहप्रकल्पाचा इतिहास कसा शोधावा

लोहगावचा हवाई तळ 1939 चा, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने उभारलेला. आजही धावपट्टी हवाई दलाचीच आहे आणि प्रवासी विमानतळ तिचा पाहुणा. लोहगाव, धानोरी, कळस या बाजूला अर्धवट सांगाडा किंवा ओसाड प्लॉटिंग दिसलं की ‘एअरफोर्सनं अडवलं’ असं उत्तर हमखास मिळतं. ते कधी खरं असतं, तर कधी बिल्डरने हप्ते थकवल्यावर पुढे केलेली सोयीची सबब. खरं काय ते कागदांच्या तारखा सांगतात.

सुरुवात गट नंबरापासून करा. जाहिरातीत जुना सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर असू शकतो. जमिनीचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले असतील, तर दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून घ्या. नंतर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला प्रत्येक फेरफार क्रमांक टिपून एकेक फेरफार काढा. वारसनोंद, कुळाची नोंद, बँकेचा बोजा, विकास करारनामा, न्यायालयाचा मनाई हुकूम, यांचा माग तिथे लागतो. नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात 29 नोव्हेंबर 2007 ला रद्द झाला. त्याआधीचा व्यवहार असेल, तर त्या कायद्याखालचे आदेशही तपासावे लागतात.

दस्त शोधताना एका दुय्यम निबंधक कार्यालयावर थांबू नका. हवेली तालुक्यात अशी कार्यालये अनेक आहेत आणि एकाच प्रकल्पाचे करार वेगवेगळ्या ‘हवेली क्रमांकां’त नोंदलेले असतात. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या ‘इंडेक्स टू’ यादीत गटावरून शोधा, मग मालकाच्या नावावरून, मग कुलमुखत्यारधारकाच्या नावावरून. रखडलेल्या योजनांचे धागे बहुधा या तिसऱ्या शोधात हाती लागतात. ‘एक गुंठा, दोन गुंठे’ अशी खरेदीखतं मोठ्या संख्येने दिसली, तर समजा की ती इमारत नव्हती, बिगरशेती आदेशाशिवाय विकलेली गुंठेवारी असण्याची शक्यता मोठी. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट.

परवानगीची फाईल कुठे आहे हे वर्ष ठरवतं आणि इथेच बहुतेकांचे महिने वाया जातात. लोहगावचा काही भाग 1997 च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आला, उरलेला ऑक्टोबर 2017 मध्ये. त्या उरलेल्या भागासाठी मार्च 2015 पर्यंतचे बांधकाम नकाशे जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाकडे बघा, 2015 ते 2017 मधले पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नंतरचे महापालिकेकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की ‘अभिलेख आढळून येत नाही’ एवढंच उत्तर येतं. त्याचा अर्थ परवानगीच नव्हती असा काढू नये.

आता उंची. हवाई दलाचा ना हरकत दाखला जमिनीपासूनची उंची सांगत नाही, समुद्रसपाटीपासूनची सांगतो. लोहगाव धावपट्टीची उंची सुमारे 592 मीटर आहे. नागरी विमान वाहतुकीच्या नियमांतल्या ‘आतल्या आडव्या पृष्ठभागाची’, म्हणजे विमानतळाभोवती कल्पिलेल्या सपाट छताची मर्यादा तिच्यावर 45 मीटर, म्हणजे साधारण 4 किलोमीटरच्या परिघात 637 मीटर. समजा प्लॉटची जमीन 604 मीटरवर आहे. उरले 33 मीटर. त्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि वीजवाहक दांडाही धरायचा. त्यांना 5 आणि पार्किंगला 3 मीटर गेले की 25 उरतात, म्हणजे तीन मीटरचे आठ मजले. माहितीपत्रकात अकरा मजले छापले असतील तर वरचे तीन हवेतच होते. धावपट्टीच्या सरळ रेषेत हिशेब आणखी कडक असतो: पट्टीच्या टोकापासून दर 50 मीटरला एक मीटर, अशी छत चढत जाते. ही फक्त पडताळणी समजा, लष्करी तळाचा अंतिम शब्द दाखल्यावरच असतो.

दुसरं बंधन अंतराचं. 1903 च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना निघते, तिचा नकाशा जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. दारूगोळा साठ्याभोवतीचे ‘900 मीटर’ याच कायद्याचे. अंतर कुठून मोजायचं यावरच भांडणं होतात, म्हणून मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, जवळ ठेवा. शिवाय 18 मे 2011 चं संरक्षण मंत्रालयाचं परिपत्रक बघा: लष्करी हद्दीपासून 100 मीटरात, आणि चारहून अधिक मजले असतील तर 500 मीटरात, दाखल्याची अट आली. 2016 मध्ये ती बऱ्याच ठिकाणी सैल केली गेली. म्हणजे 2010 ला सुरू झालेला प्रकल्प 2012 ला अडकणं आणि 2017 ला पुन्हा हालचाल दिसणं, यात विरोधाभास नाही.

महापालिकेला वा जिल्हाधिकाऱ्यांना माहिती अधिकाराचा अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर, 10 रुपयांच्या शुल्कासह करा. ‘प्रकल्प का थांबला?’ असं विचारू नका, मत देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. ‘गट क्रमांक अमुकच्या मंजूर नकाशाची, प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) आणि सोबतच्या ना हरकत दाखल्याची प्रत’ असं मागा. हवाई दलाकडे थेट मागितल्यास माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेच्या कारणाने नकार, पुढे येण्याची शक्यता मोठी, आणि वीस वर्षांपूर्वीची माहिती खुली करणारी तरतूद त्या कलमाला लागू नाही. तोच दाखला महापालिकेच्या फाईलमध्ये मिळतो, तिथूनच घ्या.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 2017 नंतर चालू असलेल्या प्रकल्पांच्या पूर्णत्वाच्या तारखा, मुदतवाढी आणि तक्रारींवरचे आदेश आहेत. आदेशांत बिल्डरने स्वतःच्या बचावात काय सांगितलं ते वाचाच. ‘हवाई दलाची परवानगी प्रलंबित’ हे कारण तिथे दिसलं, तर अर्ज केल्याची तारीख आणि पहिला फ्लॅट विकल्याची तारीख शेजारी लिहा. विक्री आधीची असेल, तर दोष कुणाचा यावर फार वाद उरत नाही.

प्रत्यक्ष जागेवर जाताना कुंपणाकडे कॅमेरा फिरवू नका, ड्रोन तर मुळीच नको. भूभागासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 47 एफ/14 हा 1:50,000 नकाशा आणि गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं पुरतात. पाया कोणत्या वर्षी खोदला आणि कोणत्या मजल्यावर क्रेन थांबली हे चित्रांत दिसतं. त्या वर्षाशेजारी बोजा, दाखला आणि आदेश यांच्या तारखा मांडा.