शेअर्ड पार्किंग सुरू करताय? या चुका टाळा

गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जा, पार्किंगला जागा नाही ही ओरड ठरलेलीच. पण संध्याकाळी बँकांच्या, ऑफिसांच्या आवारात डोकावून बघा, जागा रिकामी, गेटला साखळी, आणि बाहेर लोक बाजाराभोवती चकरा मारतायत. हीच जागा वेळ वाटून वापरता येते, पण सुरुवातीलाच काही गोष्टी चुकतात आणि मग सगळं बारगळतं.

सगळ्यात मोठी अडचण बाहेरच्या गाड्यांची नाहीच, दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्यांची आहे. सकाळी शटर वर करायच्या आधीच मालकाची गाडी दारात लागते, शेजारी स्टाफच्या स्कूटर, आणि ती जागा थेट रात्री दुकान बंद झाल्यावरच सुटते, मग गिऱ्हाईक थांबत नाही म्हणून तक्रार करायची! त्या एका जागेवर दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकं येऊन गेली असती. त्यामुळे शेअर केलेली लांबची जागा पहिली मालक आणि स्टाफला द्या, दारातली गिऱ्हाइकाला. आणि रस्त्यावर जागा अडवायला ठेवलेले क्रेट, फुटक्या कुंड्या, खुर्च्या पालिकेने उचलायलाच हव्यात, रस्ता सगळ्यांचा आहे.

दुसरं म्हणजे गर्दीच्या वेळा न बघता करार करणं. बाजार सकाळचा आणि ऑफिसही सकाळीच भरलेलं, मग वाटून घेणार काय? लग्नाचा हॉल बघा, मुहूर्त सोडले तर आवार मोकळंच असतं. आधी आठवडाभर तासातासाला गाड्या मोजा, म्हापशात आठवडी बाजाराचा शुक्रवार वेगळा धरा, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारावरून वर्षभराचे नियम ठरवू नका.

करार तोंडी नको. वेळ काय, गेटची चावी कोणाकडे, गाडीला ओरखडा आला तर जबाबदारी कोणाची, झाडलोट कोण करणार, हे लिहूनच घ्या, नाहीतर पहिल्या भांडणाला साखळी परत लागते.

पार्किंगचे पट्टे पावसाच्या तोंडावर मारू नका, वाया जातात. स्कूटरना वेगळा कोपरा द्या, एका कारच्या जागेत चार-पाच आरामात बसतात, नाहीतर एकच स्कूटर मधोमध उभी राहून कारची जागा खाते.

आता सगळं करूनही जागा रिकामीच राहत असेल तर आधी चालायची वाट बघा. पणजीत पाटो भागात बहुमजली पार्किंग आहे, पण ‘१८ जून’ नावाच्या बाजारातल्या रस्त्यावर खरेदी करायची तर तिथून खाडी ओलांडून चालत यायचं, मे महिन्याच्या उन्हात पिशव्या घेऊन कोण येईल? सावली, धड फुटपाथ, रात्री दिवे आणि मेन रोडवर ठळक बोर्ड लागतोच. मग दर बघा, रस्त्यावर फुकट आणि आत पैसे असं असेल तर कोणीच आत जाणार नाही.

उलट रस्ता कायम फुल्ल असेल तर तिथला दर वाढवा किंवा वेळेची मर्यादा घाला. पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप सांगायचे की रस्त्यावरच्या जागा साधारण ८५ टक्केच भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला एखादी तरी मोकळी मिळते. दर एकदा ठरवून विसरू नका, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गाड्या मोजून बदला.