दारातली काडी हलली, तर तिला ओळखायचं कसं?

गेल्या श्रावणात आमच्या पडवीच्या जाळीला वीतभर लांब वाळकी काडी चिकटली होती. झाडूने काढायला गेले, तर ती पायांवर हळूच डुलली. घरातून लगेच आवाज आला, 'विषारी असेल, मार!' मारलं असतं तर बिचाऱ्या काडी कीटकाचा जीव फुकट गेला असता. हा पानं खाऊन जगतो, आपल्याला चावायला येत नाही.

म्हणून आधी झाडू आणि फवारा बाजूला ठेवा. हात न लावता फोटो काढा: एक वरून, एक बाजूने, एक डोक्याचा अगदी जवळून. शेजारी आगपेटी ठेवली की लांबीचा अंदाज येतो.

आता पाय मोजा. काडी कीटक इथेच फसवतो. पुढचे दोन पाय तो डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे ताणतो, त्यामुळे पाय चारच वाटतात आणि काडी आणखी लांब दिसते. फोटो मोठा करून पाहा: त्या पायांना मुळाशी बाक असतो आणि डोकं त्या खोबणीत नेमकं बसतं. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. पाय आठ भरले तर तो कोळी. काही कोळीही असेच लांब ताणून पडून राहतात.

पाय सहाच, पण पुढचे दोन घडी घालून छातीशी धरलेले, त्यांना काटे, आणि त्रिकोणी डोकं तुमच्याकडे वळतंय? मग तो खंडोबाचा किडा, म्हणजे शिकारी. मागचे पाय लांब, गुडघे वर आणि टुणकन उडी, तर नाकतोडा. पावसात दिव्यावर आलेल्या काडीला शेपटीकडे केसासारख्या दोन लांब नळ्या असतील, तर तो पाण्यातला कीटक. त्या नळ्यांनी तो श्वास घेतो. त्याला बोटाने धरू नका, सोंड टोचते. फांदीला एका टोकाने धरून तिरकी उभी राहिलेली, चालताना कमान करणारी काडी म्हणजे पतंगाची अळी.

काडी कीटकच आहे अशी खात्री झाली, तरी जातीचं नाव घाईने ठरवू नका. नर, मादी आणि पिल्लं वेगवेगळी दिसतात. फोटोवरून नाव सुचवणारी ॲप्स कधी 'इंडियन स्टिक इन्सेक्ट' म्हणतात. ते नाव तमिळनाडूतल्या एका विशिष्ट जातीचं आहे. ती जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात आणि तिच्या माद्या नराशिवायही अंडी घालतात. भारतात दिसलेला प्रत्येक काडी कीटक तो नव्हे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो, जागा, तारीख आणि तो कुठल्या झाडावर होता ते टाका. जाणकार तिथे नाव तपासून देतात.

हलवायचाच असेल तर ओढू नका, पाय तुटून हातात येतो. पिल्लांना तो कात टाकताना पुन्हा फुटतो, मोठ्यांना नाही. समोर डहाळी धरा, तो आपणच चढतो.

आमचा तगरीवर सोडला. दुसऱ्या दिवशी जाळीखालची लादी झाडताना तिळापेक्षा थोडे मोठे, कडक, तपकिरी दाणे दिसले. बिया समजून टाकणारच होते. भिंगातून पाहिलं, तर प्रत्येकाच्या एका टोकाला इवलंसं झाकण. ती अंडी होती. तीही तगरीच्या बुंध्याशी नेऊन ठेवली.