परदेशात पैसे काढताना: वटणावळीचा हिशेब

थायलंडमध्ये भारतातलं कार्ड एटीएममध्ये घातलं की बहुतेक बँकांची मशीन दर खेपेला ठरावीक शुल्क कापतात, इथे २२० बाट धरू. हजार काढा नाहीतर वीस हजार, २२० म्हणजे २२०. डोंबिवलीतून हल्ली बँकॉक-पट्टाया करून येणारे खूप. परत आल्यावर स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येणारेही खूप, कारण माझी सगळी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. ‘मावशी, हे एवढे पैसे कशाचे कापले?’ हा प्रश्न जाण्यापूर्वी विचारला तर त्याचा उपयोग होतो, म्हणून हे लिहितेय.

आधी एक आकडेमोड करू. समजा बाजारभाव एका बाटला २ रुपये ७० पैसे आहे. तुम्ही ३,००० बाट काढलेत. मशीनचे २२० धरून तुमच्या बँकेकडे ३,२२० बाटचा व्यवहार गेला, म्हणजे ८,६९४ रुपये. त्यावर आपली बँक साधारण ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे दरावर चढवलेला स्वतःचा नफा, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे मिळून ४.१३ टक्के. हे झाले ३५९ रुपये. शिवाय परदेशी एटीएम वापरल्याचं तिचं स्वतःचं ठरावीक शुल्क असतं. ते १२५ रुपये अधिक जीएसटी धरू. खात्यातून गेले ९,२०० रुपये. हातात आले ३,००० बाट. एक बाट पडला ३ रुपये ७ पैशांना.

तेच एकदम २०,००० काढलेत तर? अशाच हिशेबाने खात्यातून सुमारे ५६,९९६ रुपये जातात आणि बाट पडतो २ रुपये ८५ पैशांना. मार्कअप नसलेलं, बँकेचं शुल्कही नसलेलं कार्ड असेल तर २ रुपये ७३ पैशांना.

मी फक्त हा शेवटचा आकडा बघते: खात्यातून गेलेले रुपये भागिले हातात पडलेलं चलन. ‘झीरो कमिशन’ लिहिलेल्या पाटीवर माझा काडीचा विश्वास नाही. कमिशन घेत नाहीत ते दरात घेतात. दुकानाचं भाडं कुठून तरी निघायला हवंच ना. काउंटर कुठलाही असो, विचारायचं एकच: ‘सगळं धरून एवढ्या रुपयांचे किती मिळतील?’

यातून दुसरी गोष्ट ओघानेच येते. शुल्क ठरावीक असेल तर थोड्या वेळा, मोठी रक्कम काढायची. टक्क्यांत असेल तर किती वेळा काढता याने फरक पडत नाही. थायलंडमध्ये दोन्ही लागतात, म्हणून तिथे रोज थोडे थोडे काढणं सगळ्यांत महाग. नवराबायको दोघांनी आपापल्या कार्डावर हौसेने काढले की २२० दोनदा. एकानेच काढा आणि रक्कम दोन पाकिटांत वाटून ठेवा.

आता मशीनसमोरची खरी मेख. पिन टाकला, रक्कम टाकली, की पडद्यावर रुपयांत आकडा येतो: अमुक बाट म्हणजे तमुक रुपये, मान्य आहे का? बघून बरं वाटतं, आपले रुपये दिसले म्हणून. पण तो दर तुमच्या बँकेचा नसतो. मशीनवाल्या बँकेने आपला नफा घालून बनवलेला असतो, आणि तो बाजारभावापेक्षा पाच टक्के, कधी त्याहूनही जास्त महाग असतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. इथे ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ दाबायचं. डिक्लाइन दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, अशी भीती बहुतेकांना वाटते. होत नाही. रूपांतर तेवढं नाकारलं जातं, नोटा येतात. काही मशीन मुद्दाम ‘हो’चं बटण मोठं, हिरवं करतात आणि ‘नाही’चं कोपऱ्यात बारीक. रांगेतल्या मागच्या माणसाला थांबू दे. वाचूनच बटण दाबा.

हॉटेल आणि दुकानातही हेच. कार्ड स्वाइप करताना ‘इंडियन रुपी?’ असं गोड आवाजात विचारतात. तुम्ही म्हणायचं ‘लोकल करन्सी’. मशीन काउंटरपलीकडे फिरवून विक्रेता स्वतःच बटण दाबत असेल तर पावती वाचा. तिच्यावर रुपये छापलेले दिसले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून परत करायला सांगा. परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्या काही बँका वेगळं शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

युरोपात जाणाऱ्यांनी प्राग, बुडापेस्टसारख्या शहरांत पर्यटनस्थळांच्या आसपासची निळी-पिवळी युरोनेटची मशीन दिसली की पुढे चालावं. बँकेच्या शाखेला लागून असलेलं मशीन शोधा, तेही शाखा उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन विचारता येतं.

घरून निघण्यापूर्वीची तयारी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशांतर्गत एटीएम आणि स्वाइप मशीनवर चालतं. परदेशातला वापर आपणच अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. तिथे एटीएम, स्वाइप मशीन आणि ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं असतात. लोक स्वाइपचं चालू करतात आणि एटीएमचं राहून जातं. शेजारीच मर्यादाही असते. ती दहा हजार रुपयांवर असेल तर वर सांगितलेले वीस हजार बाट निघायचे कसे? ती वाढवा. पैसे काढून झाले की खोलीवर येऊन बटण बंद करा. भारतातलं सिम फोनमध्ये चालू राहू द्या, नाहीतर अ‍ॅपच उघडणार नाही आणि ओटीपी येणार नाही.

कार्डं दोन हवीत, दोन वेगळ्या बँकांची, आणि जमलं तर एक व्हिसा, एक मास्टरकार्ड. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड परदेशात डिस्कव्हर किंवा जेसीबीच्या नेटवर्कवरून चालतं, तेव्हा मशीनवर ते चिन्ह आहे का ते बघावं लागतं. दोन्ही कार्डं एकाच पर्समध्ये ठेवू नका. यूपीआय सिंगापूर, दुबई, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ अशा ठिकाणी काही दुकानांत चालतं. बँकॉकच्या गाडीवर लावलेला क्यूआर मात्र प्रॉम्प्टपेचा, म्हणजे त्यांच्या यूपीआयचा, असतो, त्याच्या भरवशावर निघू नका.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. रोख काढण्याचं वेगळं शुल्क, त्यावर मार्कअप, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बिल येईपर्यंतची सवलत इथे नसते. अगदीच अडलात तर काढा आणि त्याच रात्री कार्डाचं बिल भरून टाका.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घ्यायच्या कार्डाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. एजंट ते सगळ्यांना देतो, पण ते कामाचं तेव्हाच, जेव्हा त्यात ज्या चलनात खर्च करायचा तेच चलन भरलेलं असतं. डॉलर भरलेल्या कार्डाने बाटमध्ये खर्च केलात तर पुन्हा रूपांतर होतं आणि त्याचा वेगळा मार्कअप लागतो. अमेरिका, युरोप, इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी ठीक. आठवड्याच्या बँकॉक सहलीसाठी मी मार्कअप नसलेलं डेबिट कार्ड आणि सोबत थोडे डॉलर सुचवते.

डॉलर कुठून घ्यायचे? बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून, बिल घेऊन. दोन-तीन ठिकाणी फोन करा, घासाघीस करा. पाचपन्नास पैसे सुटतात. विमानतळावर शेवटच्या घटकेला घेणं सर्वांत महाग. पासपोर्ट, पॅन, तिकीट लागतं. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्तीचं चलन रोख देऊन मिळत नाही, ते खात्यातून द्यावं लागतं. बहुतेक देशांसाठी एका खेपेला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचं कार्डावर. जीएसटी इथेही आहे, पण किरकोळ: लाखापर्यंतच्या रकमेवर ०.१८ टक्के, किमान ४५ रुपये. साठ हजारांचे डॉलर घेतले तर १०८ रुपये. टीसीएसची, म्हणजे चलन घेतानाच कापल्या जाणाऱ्या आगाऊ कराची, उगाच धास्ती घेऊ नका. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या चलनावर तो नाही. टूर पॅकेजचा नियम वेगळा.

नोटा शंभराच्या मागा, कोऱ्या. बँकॉकचे मनी चेंजर शंभर डॉलरच्या नोटेला जास्त दर देतात. वीस, दहाच्या नोटांना कमी. पेनाने काही लिहिलेली, चुरगळलेली, कोपरा फाटलेली नोट नाकारतात किंवा दर पाडतात. आपल्याकडे काउंटरवर नोट मोजताना पेनाने खूण करायची खोड असते, तेव्हा घेतानाच उलटसुलट करून बघा. सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात की सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर पैसे बदलू नका. खाली तळघरात, रेल्वेच्या स्टेशनाजवळ सुपररिचसारखी काउंटर आहेत, तिथला दर शहरातल्या दराच्या जवळपास असतो. मूळ पासपोर्ट लागतो. खिडकीतून हलण्याआधी नोटा मोजा.

थायलंडच्या एटीएमबद्दल आणखी एक. अनेक मशीन आधी नोटा देतात आणि कार्ड मागून. आपल्याला नोटा हातात आल्या की काम संपलं असं वाटतं आणि पाय निघतो. कार्ड मशीनमध्येच. नोटा पर्समध्ये टाका आणि कार्ड येईपर्यंत तिथून हलू नका. पैसे आलेच नाहीत पण खात्यातून गेले, तर पावतीचा आणि मशीनवरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि तक्रार आपल्या बँकेकडे करा, तिथल्या नाही.

जपानचं गणित निराळं. तिथे प्रश्न शुल्काचा कमी आणि मशीन सापडण्याचा जास्त. रस्त्यावरच्या कित्येक बँकांची मशीन परदेशी कार्ड घेत नाहीत. सेव्हन-इलेव्हन दुकानातलं सेव्हन बँकेचं मशीन आणि पोस्टातलं जपान पोस्ट बँकेचं मशीन घेतं, इंग्रजीतही चालतं, आणि शुल्क थायलंडच्या मानाने फारच कमी. रोख लागतेच: देवळातलं तिकीट, रामेनच्या छोट्या दुकानातलं कूपनचं यंत्र, रेल्वे-बसच्या सुइका किंवा इकोका कार्डात भरायचे पैसे. जुलै २०२४ मध्ये तिथे नव्या नोटा आल्या आणि काही जुनी यंत्रं त्या गिळत नाहीत, म्हणून जवळ जुन्याही असू द्या. पाचशे येनपर्यंतची नाणी असल्याने दोन दिवसांत खुर्दा जमतो. नाण्यांची वेगळी पिशवी ठेवा आणि रोज संध्याकाळी दुकानात आधी नाणीच द्या. इथे परत आल्यावर नाणी कुणी घेत नाही.

उरलेल्या नोटांसाठी नियम असा: आल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे परत विकायच्या, पण २,००० डॉलरपर्यंतच्या पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतात. विकताना दर पडतो, त्यामुळे वर्षभरात पुन्हा कुठे जाणार असाल तर तशाच ठेवलेल्या बऱ्या. फॉरेक्स कार्डातली शिल्लक मात्र तशीच ठेवू नका. बरेच महिने कार्ड वापरलं नाही की काही बँका त्यातून शुल्क कापायला लागतात. अर्ज देऊन ती खात्यात वळती करा आणि त्या दिवशीचा दर विचारून घ्या.