जुनं आउटबोर्ड बघायला जाताना

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीने काळाघोडा पुलावरची २६ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३५ च्याही वर उडी मारली, तेव्हा आमच्या सोसायटीचा तळमजला पाण्यात होता आणि दूध गच्चीवरून दोरीने वर येत होतं. त्यानंतर वर्गणी काढून आपण जुनी फायबरची बोट घेतली. ती पार्किंगमध्ये उलटी पडली आहे आणि पोरं तिच्यावर बसून गप्पा मारतात. आता तिला आउटबोर्ड हवं, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. येत्या रविवारी तुम्ही चौघे भावनगरकडे निघालाय. माझे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मकरपुऱ्याच्या मशीन शॉपमधली उमेदीची वर्षं आणि एकदा स्वतः घालून घेतलेली टोपी, दोन्हींच्या जोरावर हे लिहून देतोय.

टोपीची गोष्ट आधी. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही तीन मित्रांनी एक जुनं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं. पहिल्याच ओढीला सुरू झालं. आम्ही खूश. सिंधरोटला मही नदीत चौथ्या फेरीला खालून कडकड आवाज आला आणि पाण्यातला, बोट ढकलणारा पंखा फिरायचा थांबला. वर इंजिन मात्र छान चालू होतं. उघडलं तर गिअरमध्ये तेलाऐवजी टपरीवरच्या चहासारखं काहीतरी होतं आणि बेअरिंगचा चुरा. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: इंजिन सुरू होतं का हे बघायला जाऊ नका, ते विकणाराही दाखवेल. पाणी जिथे फिरायला हवं तिथे फिरतंय का आणि जिथे शिरायला नको तिथे शिरलंय का, हे बघायला जा.

निघण्याआधी बोटीच्या मागच्या फळीची उंची टेपने मोजा, वरच्या काठापासून तळापर्यंत. ती १५ इंचांच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे पाण्यात उतरणारा पाय आखूड असलेलं इंजिन, २० असेल तर लाँग. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती बोटीच्या तळाशी बरोबरीने किंवा इंचभर खाली यावी लागते. फळी १५ ची आणि इंजिन २० चं झालं तर पाय खोल लोंबेल आणि गुडघाभर पाण्यात रस्त्याला घासेल. उलट झालं तर पंखा हवा खाईल. हा आकडा खिशातल्या चिठ्ठीवर हवा, कारण तिथे गेल्यावर चकचकीत झाकण बघून माणूस सगळं विसरतो.

ताकदीचा मोह आवरा. आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक सुमारे २७ किलोचं, दोघं मिळून जिन्यावरून नेतील. पंधराचं ३६ च्या घरात जातं. पंचवीसचं उचलायचं तर आपल्या सोसायटीतले सगळे पन्नाशीच्या आतले लोक गोळा करावे लागतील, म्हणजे तिघे. पुराच्या गल्लीत वेग नको असतो, लाटेने शेजाऱ्याची भिंत पडते.

पिशवीत काय न्यायचं ते सांगतो. स्पार्क प्लगचा पाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं), रुंद पात्याचा जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, छोटं लोहचुंबक, पांढरी स्टीलची वाटी, जुनं धोतर फाडलेल्या चिंध्या, दोन नवे प्लग, नव्वद नंबरचं गिअर तेल आणि त्याच्या स्क्रूचे दोन नवे वॉशर. गेज विकत घेऊ नका. टू-स्ट्रोक स्कूटरवर हयात काढलेला एखादा मिस्त्री रावपुऱ्यात अजून सापडतो, त्याच्याकडून मागून घ्या. बहुतेक जपानी आउटबोर्डच्या प्लगचे आटे स्कूटरसारखेच १४ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे गेज बसतं. जमलं तर त्या मिस्त्रीलाच गाडीत घाला, जेवण आपल्याकडून.

पेट्रोल आपलं न्या. पाच लिटरच्या कॅनमध्ये लिटरला २० मिली तेल, म्हणजे ५० ला १. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं बघून घ्या. हे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं, त्याची राख इथे प्लगवर आणि पिस्टनवर जमते. फार जुन्या इंजिनांना २५ ला १ लागतं, तेव्हा झाकणावर किंवा टाकीवर काय छापलंय ते वाचून दुप्पट तेल घालायची तयारी ठेवा. विकणाऱ्याच्या टाकीतल्या पेट्रोलवर चाचणी घेऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते ओलावा ओढून घेतं आणि उभ्या टाकीत त्याचं पाणी तळाला बसतं. मग दोष कार्बोरेटरचा की पेट्रोलचा, यावर तासभर वाद.

आधी फोन करून एकच अट घाला: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, कारण गरम इंजिन लगेच सुरू होतं. पोचल्यावर झाकण काढून ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर चहा घ्या, गावात फेरी मारून या, पूर्ण गार झाल्यावरच पुढे. आमचं ते आठचं इंजिन आम्ही पोचलो तेव्हा गरम होतं. विकणारा म्हणाला, ‘हमणांज चलाव्युं, साहेब, एकदम कंडिशनमां छे.’ (आत्ताच चालवलं, एकदम कंडिशनमध्ये आहे.) आम्हाला त्याचं कौतुक वाटलं होतं!

मग ओळख पटवा. झाकणावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, झाकण बदलायला दोन मिनिटं लागतात. बोटीला पकडणाऱ्या पकडीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतो. यामाहाच्या दोन सिलिंडरच्या ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरमध्ये ब्लॉक एकच, २४६ सीसीचा. त्यामुळे नऊच्या डोक्यावर पंधराची टोपी घालणं सोपं आहे. मासेमारीच्या बोटींवर दिसणारं यामाहाचं एंड्युरो ४० म्हणजे मॉडेल कोड ६६टी. ते दणकट आहे, पण आपल्याला फार मोठं. जॉन्सन किंवा एव्हिनरूड निघालं तर वर्ष काढायची गंमत आहे. १९८० पासून त्यांनी ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं आकड्यांसाठी वापरली: पहिलं आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि शेवटचं एस म्हणजे शून्य. मॉडेल नंबरातलं अगदी शेवटचं अक्षर सोडून त्याआधीची दोन बघा. सी-आर असेल तर १९८४. पट्टी उपटलेली असेल तर ब्लॉकमध्ये ठोकलेल्या गोल चकतीवर नंबर मिळतो. तिथेही खरवडलं असेल तर परत फिरा, कितीही स्वस्त असो. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, म्हणून सामानासाठी कुणाकडे हात पसरायचा ते आधी ठरवा. यामाहाचं सामान वेरावळ-मांगरोळला किनाऱ्यावर मिळून जातं, हेच माझ्या लेखी त्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण.

किनाऱ्यावर घासलेटवर चालणारी इंजिनंही भरपूर दिसतील. पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर टाकायची. त्यात कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं आणि कार्बन जास्त धरतो. आपल्याला नको.

अलंगच्या, म्हणजे भावनगरजवळ जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावरच्या, बाजारात तोडलेल्या जहाजांवरची बचावबोटीची इंजिनं येतात. त्यांच्याबद्दल दोन्ही अंगांनी विचार करा. ती चाललेली असतात फार कमी, सिलिंडर बहुधा उत्तम. पण वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभी असतात, कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो आणि थंड करणारं पाणी फिरवणाऱ्या पंपातलं रबर वाकलेल्या जागीच कडक झालेलं असतं. ‘झीरो अवर’ ऐकून भाव वाढवू नका.

आता खालचा पाय. इथे वेळ घालवा. इंजिन उभं ठेवा, वाटी खाली धरा आणि तळाचा स्क्रू अगदी सावकाश सैल करा. पहिले चार थेंब काय सांगतात ते बघा. पाणी जड, ते खाली बसतं, म्हणून आत शिरलं असेल तर आधी तेच टपकतं. नंतर वरचा स्क्रू काढा म्हणजे तेल सुटेल. मधासारखं किंवा काळपट तेल चालेल, जुनं आहे इतकंच. दुधाळ, करडं, चहाच्या रंगाचं आलं तर पाणी अडवणारं सील गेलंय. स्क्रूच्या टोकाला मऊ काळा लेप असणं साधं आहे, पण वाटीत चुंबक फिरवल्यावर नखाएवढे कपचे चिकटले तर गिअरचे दात तुटलेत. तेल अगदी नवं, चकचकीत निघालं तरी भुवया उंचावा. काल का बदललं, हे विचारा. विकणारा म्हणेल इथे सांडू नका, उघडू नका. नव्वद नंबरचं तेल आणि नवे वॉशर आपण आणलेत हे दाखवा. भरताना खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरायचं. तरीही नाही म्हणाला तर चहाचे आभार मानून निघा.

पंखा हाताने फिरवताना मागून एकाने नजर ठेवावी. टोक डगमगत फिरलं तर शाफ्ट वाकलाय. जमलं तर पंखा काढून मागे बघा. मासेमारीच्या पाण्यातलं इंजिन असेल तर शाफ्टभोवती तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला सापडतो, आणि सील कापणारा चोर बहुतेक वेळा तोच असतो. पायाचं खालचं पातं तुटून वेल्डिंग केलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण आपटलंय हे लक्षात ठेवा.

झाकणाखाली पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमला मीठ लागलंय. सिलिंडर हेडचा रंग भाजून तपकिरी झाला असेल तर इंजिन कधीतरी कोरडं तापलंय. आणि बडोद्याच्याच कुणाकडून घेत असाल तर हवा ओढायच्या पेटीत बोट घालून बघा. बारीक, पिठासारखा गाळ लागला तर ते पुरात बुडालेलं आहे. बुडाल्यावर त्याच दिवशी उघडून धुतलं असेल तर वाचतं, नंतर धुतलेलं बेअरिंगला गंज घेऊन येतं.

दोन्ही प्लग काढा, किल-स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या खटक्याची, दोरी ओढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच जोरदार ओढी द्या. चौरस इंचाला शंभराच्या वर पौंड आले की लहान इंजिनाला बरं. पण आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. ११५ आणि ११० चालेल, ११५ आणि ८५ नाही. प्लगच्या भोकातून नुकतंच ओतलेलं तेल वाहताना दिसलं तर थांबा, तेलाने गेज काही वेळ खोटं बोलतं.

सुरू करायचं ते दोनशे लिटरच्या पिंपात, पाणी आडव्या पाटीच्या वर. ‘एक सेकंद कोरडंच दाखवतो’ म्हणणाऱ्याचा हात धरा, पंपाचं रबर कोरडं काही सेकंदांत जळतं. सुरू झाल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची पिचकारी यायला हवी. ती आली नाही तर बंद करून भोकात तार घाला. उभ्या इंजिनात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, दोष कधी कधी तेवढाच असतो. पिचकारी सलग असावी आणि तिच्याखाली हात ठेवता आला पाहिजे. दहा मिनिटं चालू ठेवा, मोकळ्यावर, धूर फार होतो. पंपाचं रबर तसंही आल्या आल्या बदलायचंच आहे, त्यासाठी सौदा मोडू नका.

पिंपात कळत नाही अशी एकच गोष्ट: जोर लावल्यावर गिअर सुटतो का. तेवढ्यासाठी थोडी रक्कम बाकी ठेवून चांदोदला नर्मदेत ओळखीच्या नावाड्याच्या बोटीवर लावून बघू, असं ठरवून घ्या. विश्वामित्रीत चाचणी नको. पंख्यात प्लास्टिक अडकलं तर तिथे पाण्यात हात घालायचा कुणी? मगरी पाहुण्या नाहीत तिथे, आपण आहोत.

पैसे देताना बिलावर इंजिनाचा नंबर, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. बोटीला इंजिन लावलं की ती २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा नोंदणीची चौकशी सेक्रेटरींनी या आठवड्यातच सुरू करावी. आणि लाइफ जॅकेटचे पैसे इंजिनाच्या पैशात मिसळू नका. हरणीच्या तलावावर १८ जानेवारी २०२४ ला बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. जॅकेट आधी येतील, माणशी एक, मग इंजिन.

परतताना टेम्पोत जुनी गादी टाका. इंजिन उभं आणता आलं तर उत्तम, नाहीतर आडवं ठेवताना डोकं वर आणि पाय खाली राहील असा उतार द्या. पाय वर झाला तर पिंपातलं उरलेलं पाणी धूर बाहेर पडायच्या वाटेने उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. तारापूरच्या पुढे चहाला थांबाल तेव्हा एकदा मागे जाऊन उतार तपासा.