स्कूल बोर्डाचे उमेदवार आणि शाळेतलं पर्यावरण : मत देण्याआधी या चुका टाळा

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की लोकांच्या अंगणात स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, उमेदवारांच्या पाट्या दिसायला लागतात. मग एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविककडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : "मत कुणाला द्यायचं?" उत्तर बहुतेकदा ओळखीवरून ठरतं. अमका साधा माणूस आहे, तमकी आपल्या गणपतीला येते. अलीकडे मात्र तरुण आईवडील, आणि त्यांच्याहून जास्त हायस्कूलमधली मुलं, विचारायला लागली आहेत की शाळेतल्या पर्यावरणाबद्दल या उमेदवाराचं म्हणणं काय. प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारताना आणि आलेलं उत्तर वाचताना काही ठरावीक चुका होतात. त्यामुळे काम करणारा मागे राहतो आणि गोड बोलणारा निवडून येतो.

राज्याचं काम गावच्या बोर्डाकडे मागणं

"निवडून आलो तर अभ्यासक्रमात हवामानबदल आणीन," असं कुणी म्हटलं की टाळ्या पडतात. पण न्यू जर्सीत तो आधीच आलेला आहे. राज्याने २०२० मध्ये त्यासाठीची शैक्षणिक मानकं मंजूर केली आणि सप्टेंबर २०२२ पासून ती शाळांत लागू झाली. वेगवेगळ्या विषयांतून हवामानबदल शिकवणं ठरवणारं देशातलं ते पहिलं राज्य. तेव्हा हे आश्वासन म्हणजे बोलाचीच कढी. खरा प्रश्न असा : शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि साहित्यासाठी बजेटमध्ये किती पैसे ठेवाल?

टेक्सासातल्या वाचकांची गफलत उलट्या बाजूने होते. तिथे पाठ्यपुस्तकांना मान्यता देणारं राज्याचं बोर्ड वेगळं निवडून येतं, आणि २०२३ मध्ये हवामानबदलाच्या मांडणीवरून काही विज्ञानाची पुस्तकं नाकारली ती त्याने. तो राग आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका बोर्डाखालच्या शाळांच्या विभागाच्या) उमेदवारावर काढून उपयोग नाही.

गावच्या बोर्डाच्या हातात चार मोठ्या गोष्टी असतात : बजेट, सुपरिंटेंडंटची (डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याची) नेमणूक, धोरण आणि करार. शाळा रोज चालवणं हे बोर्डाचं काम नव्हे, ती नीट चालते आहे ना हे पाहणं हे काम. न्यू जर्सीत यासाठी सदस्यांना पगारही मिळत नाही.

"पर्यावरणाची काळजी आहे का?" असं विचारणं

या प्रश्नाला "नाही" म्हणणारा उमेदवार मला अजून भेटलेला नाही. असा प्रश्न विचारला की गुळमुळीत उत्तर येणारच. त्याऐवजी ज्यावर बोर्डाला खरोखर मतदान करावं लागतं, ते विचारा.

उदाहरण घ्या हीटिंग-कूलिंगचं. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या तपासणी संस्थेने २०२० मध्ये सांगितलं की देशातल्या सुमारे ४१ टक्के डिस्ट्रिक्टना आपल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त शाळांतल्या या यंत्रणा दुरुस्त कराव्या लागतील किंवा बदलाव्या लागतील. म्हणजे तुमच्या गावातही ही वेळ येणार, बहुधा याच सदस्यांच्या तीन वर्षांच्या मुदतीत. मग विचारा : जुना गॅसचा बॉयलर बंद पडला तर घाईने तसाच दुसरा बसवाल, की पर्यायांचा पंचवीस वर्षांचा खर्च आधी मांडून घ्याल? तो मोडायच्या आत आराखडा तयार हवा, असं म्हणणारा उमेदवार मिळाला तर त्याने एकदाही "ग्रीन" हा शब्द उच्चारला नसला तरी चालेल. जानेवारीच्या थंडीत बॉयलर बंद पडल्यावर कुणी पर्याय शोधत बसत नाही.

"सोलर लावू" ऐकून समाधान मानणं

इथे जरा थांबू, कारण बहुतेक उमेदवारांच्या पत्रकात हे एक वाक्य असतंच.

सोलरने शाळेचं भलं होतं यात शंका नाही. आर्कान्सातल्या बेट्सविल या छोट्या डिस्ट्रिक्टने २०१७ च्या सुमारास आधी आपल्या विजेच्या वापराची तपासणी करून घेतली, मग दिवे वगैरे बदलले आणि पडीक जागेवर सुमारे १,५०० पॅनल उभे केले. वाचलेल्या पैशातला मोठा वाटा शिक्षकांच्या पगारवाढीला गेला. यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी तपासणी, मग काटकसर, मग पॅनल.

आपल्या उमेदवाराला तीन गोष्टी विचारा. पहिली, छप्पर. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात. त्याखालचं छप्पर पाच-सात वर्षांत बदलायचं असेल तर सगळे पॅनल उतरवून पुन्हा चढवावे लागतात. तो खर्च कोण देणार? दुसरी, करार. बरेचदा पॅनल शाळा विकत घेत नाही. कंपनी ते लावते आणि शाळा ठरलेल्या दराने तिच्याकडून वीज घेते. अशा करारात दर वर्षाला अमुक टक्क्यांनी वाढेल असं कलम असतं. आज स्वस्त दिसणारी वीज दहाव्या वर्षी कितीला पडेल, हे त्या एका ओळीवर ठरतं. तिसरी गोष्ट, केंद्राचे पैसे. २०२२ च्या कायद्याने कर न भरणाऱ्या शाळांनाही सोलरच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम थेट मिळण्याची सोय केली होती. जुलै २०२५ च्या कायद्याने तिला मुदत घातली : ज्या प्रकल्पाचं बांधकाम ४ जुलै २०२६ पर्यंत सुरू झालेलं नसेल, तो २०२७ संपायच्या आत चालू झाला तरच पात्र. ही तारीख ज्याला ठाऊक नाही त्याच्या हिशोबावर विसंबू नका.

विरोध करणाऱ्याला शत्रू समजणं

मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये ३२६ इलेक्ट्रिक स्कूल बसचा करार केला. गर्मनटाउन-गेदर्सबर्गच्या मराठी घरांतली मुलं याच डिस्ट्रिक्टच्या शाळांत जातात. डिझेलचा धूर मुलांच्या फुफ्फुसांत जाऊ नये हा हेतू उत्तमच होता. पण बस उशिरा आल्या, काही वारंवार बंद पडल्या आणि दरम्यान डिझेलच्या बस घ्याव्या लागल्या. उशीर झाल्यास दंड घेण्याची करारात सोय होती, पण डिस्ट्रिक्टने तो वसूल केला नाही. काउंटीच्या तपासणी अधिकाऱ्याने २०२४ च्या अहवालात यावर बोट ठेवलं.

यावरून इलेक्ट्रिक बस वाईट असा निष्कर्ष काढणं चूक. पण जो उमेदवार विचारतो की "बस वेळेवर आली नाही तर काय?", त्याला लगेच पर्यावरणविरोधी ठरवणं हीसुद्धा चूकच. एवढ्या महागड्या कराराला खंबीर माणूस लागतो. मात्र फक्त "टॅक्स वाढेल" एवढंच म्हणून जो थांबतो, त्याला आकडे मागा. आपल्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा न्यू जर्सीत सरासरी निम्म्याहून जास्त भाग शाळेला जातो, तेव्हा काळजी खरी आहे. पण तिथेच शाळेसाठी गोळा होणाऱ्या एकूण कराच्या वाढीवर वर्षाला साधारण २ टक्क्यांची मर्यादाही आहे, हे त्याने सांगितलं पाहिजे.

छोटं म्हणून सोडून देणं

दुपारी कॅफेटेरियाच्या कचऱ्याच्या पिंपात डोकावलं तर न उघडलेली दुधाची कार्टन आणि अख्खी सफरचंदं दिसतात. केंद्राच्या जेवण योजनेत जेवणाचे पाच घटक असतात. हायस्कूलच्या मुलांना त्यातले किमान तीन उचलून, ज्यात एक फळ किंवा भाजी हवीच, बाकीचे नाकारता येतात. प्राथमिक शाळेत ही सवलत द्यायची की पाचही ताटात वाढायचे, हे स्थानिक पातळीवर ठरतं. नको असलेलं फळ ठेवायला एक सामायिक टेबल, जेवायला पाच-दहा मिनिटं जास्त, एवढ्यानेही फरक पडतो. याबद्दल उमेदवार काही बोलू शकला तर तो शाळेत पाऊल ठेवून आलेला आहे.

तसंच शाळा सुटताना गेटसमोर चालू इंजिनांच्या गाड्यांची रांग. न्यू जर्सीत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बंदी आहे. कृत्रिम गवताच्या मैदानाबद्दलही विचारून घ्या : ते उन्हात फार तापतं आणि साधारण आठ-दहा वर्षांत पुन्हा बदलावं लागतं.

अडलं तर

*उमेदवाराने उत्तरच दिलं नाही.* लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेच्या व्होट४११ साइटवर बघा, त्यांच्या जाहीर चर्चेचं रेकॉर्डिंग शोधा. उमेदवार आधीच सदस्य असेल तर त्याच्या बोलण्याकडे पाहूच नका. बैठकांची इतिवृत्तं डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतात. कुठल्या ठरावावर कोणी काय मत दिलं ते त्यात लिहिलेलं असतं.

*तिघांची उत्तरं हुबेहूब सारखी आहेत.* ते एकत्र लढत असतील. तिघांनाही वेगवेगळं गाठून छपराचा प्रश्न विचारा.

*आकडे मिळत नाहीत.* न्यू जर्सीच्या ओप्रा या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विजेची बिलं आणि करार मागता येतात. साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

*मी नागरिक नाही.* मग मत देऊ नका. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असताना मत दिलं तर देशाबाहेर जायची वेळ येऊ शकते. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर आला तर न वाचता "हो" म्हणू नका. सॅन फ्रान्सिस्को हा मोजक्या अपवादांपैकी एक. तिथे नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डापुरतं मत देता येतं, पण आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या असं शहरच सांगतं. मत नसलं तरी बोलता येतं : न्यू जर्सीत प्रत्येक बोर्ड बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि घरातली मुलं न्यूआर्कमध्ये राहत असतील तर तिथे १६ वर्षांच्या नागरिकांनाही स्कूल बोर्डासाठी मत आहे.

*आपला उमेदवार निवडून आला, आता काय?* जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या बोर्डाची पहिली बैठक होते आणि त्या सुमारास समित्या ठरतात. त्याने इमारती आणि मैदानांची किंवा अर्थ समिती मागून घ्यावी, असा ईमेल डिसेंबरातच टाका. बजेटचा मसुदा मार्चमध्ये येतो, जाहीर सुनावणी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असते. बॉयलरचा आराखडा, शिक्षकांचं प्रशिक्षण, जेवणाचा वेळ यांपैकी जे मागायचं ते मसुदा येण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठकीत मागा. सुनावणीपर्यंत बहुतेक आकडे ठरून गेलेले असतात.