जुनी छापील चित्रं ओळखायला शिकताना: ठिपक्यांचा घोळ

उठाव (उंच भागावरची शाई छापणारी), खोदीव (खोदलेल्या रेघांतली शाई छापणारी) आणि समतल (सपाट पृष्ठभागावरून छापणारी) ही छपाईची तीन घराणी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. लाकडी ठसे आणि खिळे (धातूची सुटी अक्षरं) पहिल्या घराण्यातले, तांब्याच्या पत्र्यावरची कोरणी दुसऱ्यातली, शिळाछाप (दगडावरून होणारी छपाई, म्हणजे लिथो) तिसऱ्यातला. एवढं दोन दिवसांत पाठ होतं. मग हातात खरा कागद येतो आणि पाठांतर उडून जातं. तसं झालं तर खचू नका. सगळ्यांचं होतं, आणि पुढेही बराच काळ अधूनमधून होत राहतं.

हे लिहायचं कारण एकच चूक आहे: भिंगाखाली ठिपके दिसले की 'हाफटोन' (फोटो जाळीतून ठिपक्यांत मोडून केलेली छपाई) म्हणून मोकळं होणं. आपल्याकडे जुन्या चित्रांच्या नादाला लागलेला माणूस लवकरच रविवर्मा प्रेसच्या किंवा पुण्याच्या चित्रशाळेच्या रंगीत शिळाछाप चित्रांपाशी पोचतो, आणि नेमका तिथेच हा घोळ होतो. अस्सल चित्र 'नंतरची छपाई' म्हणून बाजूला पडतं, आणि परवा छापलेली नक्कल 'शंभर वर्षांपूर्वीचं ओलिओग्राफ' (तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत शिळाछाप चित्र) म्हणून चौकटीत जाते. या चुकीची किंमत मोजून झाल्यावरच ठिपके नीट बघायची सवय लागते. तुम्हाला ती आधी लागावी एवढीच इच्छा.

साहित्य थोडंच लागतं. 10 पटीचं चांगलं भिंग, एक छोटी टॉर्च, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी आणि पेन्सिल. पेन त्या टेबलावर येऊच देऊ नका. भिंग कागदाजवळ धरून लांबून बघायचं नसतं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि कागद भिंगापासून अडीच सेंटीमीटरवर येईल इतकं वाकायचं. मान दुखते, पण दिसतं. 30 पटीचं, दिवा असलेलं खिशातलं सूक्ष्मदर्शक नंतर घ्या. सुरुवातीलाच घेतलंत तर झाडं दिसतात, रान दिसत नाही.

त्याआधी नमुन्यांची फाइल करा. खोदीव छपाईसाठी 500 रुपयांची कोरी नोट ठेवा. गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवलं की शाईचा उठाव लागतो, आणि टॉर्च अगदी आडवी धरली की त्याची सावलीही पडते. उठाव छपाईसाठी खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकाचं सुटं पान किंवा ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छोट्या छपाई यंत्रावर) छापलेली लग्नपत्रिका. ऑफसेटसाठी आजचं रंगीत वर्तमानपत्र. शिवाय झेरॉक्सच्या दुकानातून एक लेझर आणि एक इंकजेट प्रिंट. या पाच कागदांवर महिनाभर डोळा बसवा. फोनवर काढलेला क्लोजअप दाखवून 'हे काय आहे' विचारण्याने शिक्षण होत नाही. फोन चित्र आपल्या मनाने धारदार करतो आणि ठिपक्याची कड, जी बघायची असते, तीच बदलून टाकतो.

आता ठिपके.

पहिला ठिपका हाताचा. शिळाछापात कारागीर चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने एकेक ठिपका ठेवायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. जुन्या ओलिओग्राफमधल्या एखाद्या देवीचा गाल भिंगाखाली घ्या. ठिपके गालाच्या वळणाने फिरतात, हनुवटीखाली दाट होतात, कपाळाकडे विरळ होत जातात. कुठल्याही दोन ठिपक्यांमधलं अंतर सारखं नाही. काही गोल, काही चपटे, काही स्वल्पविरामासारखे. फिकट गुलाबी, विटकरी, राखाडी, पिवळसर असे वेगवेगळ्या दगडांचे ठिपके एकमेकांच्या बाजूला आणि अंगावर पडलेले दिसतात. रंग मोजा. चारांच्या वर, आणि तेही असे 'तयार' मिसळलेले रंग दिसले तर शिळाछापाकडे पारडं झुकतं.

दुसरा ठिपका हाफटोनचा. 1880 च्या दशकात तो व्यवहारात आला. फोटो जाळीतून घेतलेला असल्यामुळे ठिपके रांगेत असतात. केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर पक्कं, बदलतो तो फक्त आकार. उजेडाच्या भागात ठिपके बारीक, सावलीत ते फुगून एकमेकांना चिकटतात, आणि अगदी गडद भागात काळ्यावर पांढरे ठिपके उरतात. पट्टी लावून मोजायचे तर रांगेच्या दिशेनेच मोजा. एकरंगी हाफटोनची रांग बहुधा 45 अंशांनी तिरकी असते, पट्टी आडवी ठेवलीत तर आकडा चुकतो. वर्तमानपत्री कागदावर सेंटिमीटरला साधारण 26 ते 33 ठिपके भरतात, गुळगुळीत आर्ट पेपरवर 52 ते 60.

तिसरा ठिपका खरा फसवा. बेंजामिन डे या अमेरिकन मुद्रकाने 1879 मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती त्याच्याच नावाने, बेन डे म्हणून, ओळखली जाते. जिलेटिनच्या पापुद्र्यावर उठावाचे ठिपके असत, त्यांना शाई लावून तो पापुद्रा दगडावर दाबत. ठिपके यंत्रासारखे रांगेत उमटतात आणि बघणारा 'हाफटोन!' म्हणून मोकळा होतो. तिथेच थांबा आणि आकार बघा. बेन डेच्या एका पट्ट्यात सगळे ठिपके एकाच मापाचे असतात. छटा गडद करायची तर पापुद्रा किंचित सरकवून पुन्हा दाबत, म्हणून ठिपके जोडीजोडीने दिसतात. आणि पट्टा हाताने आखलेल्या कडेपाशी एकदम संपतो, हाफटोनसारखा हळूहळू विरत नाही. आकाशात आणि सपाट पार्श्वभूमीत असे पट्टे असतील आणि चेहऱ्यावर हाताचे ठिपके, तर ते चित्र शिळाछापच आहे. एकाच चित्रात दोन्ही असतात हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून पुन्हा लिहितो: एकच जागा बघून निकाल देऊ नका. चेहरा, कापड, आकाश, अक्षरं आणि कोरा समास अशा पाच जागा बघितल्याशिवाय तोंड उघडू नका.

थोडक्यात, आधी अंतर बघायचं, मग आकार, मग कड. हा क्रम मोडला की चूक ठरलेली.

आजच्या नकला दोन तऱ्हेच्या. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चारच रंग, प्रत्येकाची जाळी वेगळ्या कोनात, त्यामुळे भिंगाखाली बारीक फुलांसारखी नक्षी दिसते. ती एकदा वर्तमानपत्रात ओळखलीत की कायमची ओळखलीत. इंकजेट जास्त त्रास देतो, कारण त्याचे ठिपके विखुरलेले असतात आणि हाताच्या ठिपक्यांसारखे भासतात. पण ते गालाच्या वळणाने फिरत नाहीत. फवारा उडावा तसे सगळीकडे सारख्याच बेदरकारपणे पडलेले असतात.

तरीही मन साशंक असेल तर दोन जागा बघा. पहिली, चित्राखालची अक्षरं. अस्सल चित्रात ती एकाच दगडावरून, एकाच रंगात, सलग शाईने आलेली असतात. नकलेत तीच अक्षरं रंगीबेरंगी ठिपक्यांची बनलेली आणि कडेला धूसर. दुसरी, समासातला पिवळेपणा. अस्सल कागद स्वतः जुना होऊन पिवळा पडतो, भिंगाखाली नुसते कागदाचे तंतू दिसतात. नकलेत जुन्या कागदाचा रंग, त्यावरचे डाग, पाण्याची रेघ, सगळं छापलेलं असतं. डागाच्या आत ठिपके दिसले की विषय संपला.

वॉर्निश आणि कॅनव्हाससारखा उठाव यांवर भिस्त ठेवू नका. ओलिओग्राफला तैलचित्राचा भास यावा म्हणून हे दोन्ही करत, हे खरं. पण वॉर्निश कुणीही, कधीही फासू शकतो. 'रविवर्मा प्रेस' ही अक्षरं समासात आहेत म्हणूनही विश्वास नको, कारण नकलेत ती अक्षरंही येतातच. मुंबईत 1894 मध्ये सुरू होऊन नंतर मळवलीला गेलेला हा छापखाना पुढे दीर्घकाळ चालला. तेव्हा अस्सल चित्रातही लवकरची प्रत आणि उशिराची प्रत हा वेगळा प्रश्न उरतो. एवढ्या खोलात पहिल्या वर्षी जाऊ नका.

पोथ्यांचं काम मानाने सोपं आहे आणि आत्मविश्वास वाढवणारं आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत पंचांग छापलं त्या काळापासून मराठीत शिळाप्रेसची पुस्तकं भरपूर निघाली. पान खिळ्यांचं की शिळाछाप हे शिरोरेषेवरून कळतं. खिळ्यांच्या छपाईत दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेला केसाएवढी फट किंवा बारीकशी पायरी पडते, आणि पानावरचे सगळे 'क' एका साच्यातले असतात. शिळाछापात शिरोरेषा लेखणीच्या एका ओढीत जाते, आणि दहा 'क' शोधलेत तर दहाही थोडे वेगळे. खिळ्यांच्या अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार येते, पानाच्या पाठीवर बोटाला दाब लागतो. शिळाछाप सपाट. मात्र खिळ्यांनी जुळवलेला मजकूर कागदावर छापून तिथून दगडावर उतरवायचीही पद्धत होती. अशा पानात सांध्याच्या फटी दिसतील, पण दाब लागणार नाही.

खोदीव छपाईत पत्र्याच्या कडेचा खड्डा हा पुरावा मानतात, पण तो खोटाही पाडता येतो. रेघेचं टोक बघा. कोरणीची रेघ निमुळती होत टोकदार संपते, आम्लाने खाल्लेली बोथट. कोलोटाइपमध्ये (जिलेटिनच्या थरावरून होणाऱ्या फोटोछपाईत) ठिपके नसतात, जिलेटिनला पडलेल्या बारीक सुरकुत्यांची वळवळ दिसते. दोन्ही प्रकार मराठी पुस्तकांत क्वचित भेटतात, म्हणून इथे एवढंच.

गुरू शोधाल तर कागद तुमच्या हातात देऊन गप्प बसणारा शोधा. लांबूनच 'हे लिथो' म्हणणाऱ्याचं बरोबर असेलही, पण त्यातून तुम्हाला काही मिळत नाही. विक्रेत्याला शिकवणी मागू नका.

काचेला चिकटलेलं चित्र ओढू नका, पावसाळ्यात तर चौकट उघडूच नका. शाई पुसून किंवा ओली करून बघायच्या चाचण्या करू नका. गेलेला रंग परत येत नाही.

नोंद लिहिताना प्रक्रियेचं नाव शेवटी लिहा. आधी पाच जागा आणि प्रत्येक जागी काय दिसलं ते: ठिपक्यांचं अंतर, आकार, कड, रंग किती, पाठीवर दाब आहे का. नाव सुचलं नाही तर तो रकाना कोरा सोडा आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भिंगाखाली घ्याल, तेव्हा ती कोरी जागा भरायला जुनी निरीक्षणंच कामाला येतात.